गंभीर भाजलेल्या रुग्णाची शुश्रूषा : बर्न्स वॉर्डात नव्याने आलेल्या सिस्टरसाठी

मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात बर्न्स वॉर्डाची ड्यूटी लागली की बहुतेक परिचारिका आधी मेट्रनच्या खोलीत जाऊन ती बदलून मिळते का, याची चौकशी करतात. मीही केली होती. जळलेल्या कातडीचा वास, ड्रेसिंगच्या वेळचा आक्रोश आणि मे महिन्यात प्लॅस्टिकच्या एप्रनखाली भिजून चिंब झालेला गणवेश, या तिन्ही गोष्टींची धास्ती खोटी नाही. पण नवी सिस्टर चुकते ती धास्तीमुळे नव्हे. तिचे सगळे लक्ष जखमेवर खिळून राहते म्हणून चुकते. पहिल्या दोन दिवसांत रुग्ण दगावतो तो बहुधा श्वासमार्ग सुजल्याने, किंवा रक्तवाहिन्यांतले पाणी बाहेर झिरपून रक्ताभिसरण कोसळल्याने. जखम आपला हिशेब त्यानंतर, जंतुसंसर्गाच्या रूपाने मागते. म्हणून पुढे कामे ज्या क्रमाने अंगावर येतात, त्याच क्रमाने लिहिली आहेत. औषधांचे डोस आणि सलाईनचा वेग डॉक्टर ठरवतात, आणि प्रत्येक युनिटचा आपला प्रोटोकॉल असतो. पहिल्या दिवशी तो मागून घेऊन वाचावा.

रुग्ण दारात येतो तेव्हा

आधी चेहरा पाहावा आणि रुग्णाला बोलते करावे. नाव विचारल्यावर आवाज घोगरा येत असेल, नाकातले केस जळलेले असतील, थुंकीत काजळी दिसत असेल किंवा आग बंद खोलीत लागली होती असे नातेवाईक सांगत असतील, तर श्वासमार्गाला इजा झाली आहे असे धरून चालावे आणि डॉक्टरांना तत्काळ बोलवावे. असा रुग्ण आल्या आल्या नीट बोलतो, पाणी मागतो, आणि दोन तासांत सुजेने घसा असा बंद होतो की नळी घालणेही कठीण होऊन बसते. पल्स ऑक्सिमीटरवर 99 दिसते म्हणून निर्धास्त राहू नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेला असला तरी ते यंत्र त्याला ऑक्सिजनच समजते. अशा रुग्णाला आकडा न पाहता मास्कने पूर्ण ऑक्सिजन सुरू करावा.

त्यानंतर दागिने काढावेत. अंगठी, पाटल्या, हिरव्या बांगड्या, जोडवी, पैंजण, मनगटावरचे गंडेदोरे आणि कमरेचा करदोटा यांपैकी काहीही अंगावर ठेवू नये, कारण सूज चढू लागली की तासाभरात तीच वस्तू बोटाला किंवा मनगटाला फास लावते. बांगड्या कापाव्या लागतात, आणि सवाष्ण बाईच्या हातातल्या बांगड्या कापताना घरची माणसे हमखास अडवतात. वाद घालू नये. बोटे काळी पडतील एवढे शांतपणे सांगावे, साबणाने निघत असेल तर तसे करून पाहावे, आणि काढलेली प्रत्येक वस्तू नोंदवून नातेवाइकाच्या सहीनिशी परत द्यावी.

भाजून तीन तास झाले नसतील आणि भाजलेला भाग मोठा नसेल, तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे थंड करण्याचा उपयोग होतो. अंगाचा मोठा भाग भाजलेला असेल तर मात्र तेवढा वेळ पाणी ओतत बसल्यास रुग्णाचे तापमान घसरते, म्हणून थंड करणे आटोपते घ्यावे आणि लगेच कोरड्या स्वच्छ चादरीत गुंडाळून ऊब द्यावी. बर्फ कधीच लावू नये. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप असे घरून लावून आणलेले काही असेल, तर न रागावता सलाईनने हलकेच धुवावे. लेप लावणारी बहुतेक वेळा आईच असते, आणि पुढचे कित्येक आठवडे आपल्याला तिचीच मदत लागणार असते.

चेहरा भाजला असेल तर डोळे पहिल्या तासातच तपासून घ्यावेत, कारण पापण्या सुजून मिटल्या की दोन-तीन दिवस त्या उघडत नाहीत. हे रुग्णाला आधीच सांगून ठेवावे. काही न सांगता ज्याच्या पापण्या मिटतात तो आपण आंधळे झालो असेच समजतो, आणि बहुतेक जण तसे विचारायलाही घाबरतात.

टक्के, वेळ आणि लघवी

किती टक्के भाजले हे डॉक्टर ठरवतात, पण सिस्टरलाही ते मोजता आले पाहिजे. प्रौढ माणसात डोके-मान 9, प्रत्येक हात 9, प्रत्येक पाय 18, छाती-पोट 18, पाठ 18 आणि जननेंद्रियांचा भाग 1, असा नवाचा नियम आहे. तान्ह्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असल्यामुळे त्याचे 18 आणि प्रत्येक पायाचे 14 धरतात. विखुरलेल्या जखमांसाठी रुग्णाचा स्वतःचा बोटांसह तळहात म्हणजे साधारण 1 टक्का. नुसती लाल झालेली, फोड न आलेली कातडी यात धरायची नसते. तिला धरल्यामुळेच टक्के फुगतात आणि सलाईन जास्त जाते.

सलाईनचे गणित एका उदाहरणाने स्पष्ट होईल. 50 किलो वजनाचा माणूस 40 टक्के भाजला, तर पार्कलंड सूत्राप्रमाणे 4 गुणिले 50 गुणिले 40, म्हणजे पहिल्या चोवीस तासांत 8,000 मिलि रिंगर लॅक्टेट (सलाईनचाच एक प्रकार) लागते. त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत आणि उरलेले पुढच्या सोळा तासांत द्यायचे असते. अलीकडे पुष्कळ ठिकाणी प्रौढांसाठी 4 ऐवजी 2 ने सुरुवात करून पुढे लघवीप्रमाणे वाढवतात. कोणताही आकडा घेतला तरी आठ तास मोजायचे ते भाजल्याच्या वेळेपासून. भरती झाल्याच्या वेळेपासून नव्हे.

ही गोष्ट मी स्वतः चुकून शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी भिवंडीकडून साधारण वरच्या उदाहरणातल्याच वजनाचा आणि टक्क्यांचा एक रुग्ण रात्री दहाला आमच्याकडे आला. घरात गॅसचा भडका सातला उडाला होता, आणि वाटेत त्याला सलाईनची 500 मिलिची एकच बाटली लागली होती. मी चार्टवर वेळ लिहिली ती दहाची. त्यावरून पहिला आठ तासांचा टप्पा सकाळी सहाला संपेल असे धरले गेले, वास्तविक तो पहाटे तीनला संपायला हवा होता. तासाला 700 मिलिच्या आसपास जायचे ते सलाईन 500 नेच जात राहिले. बारा वाजता लघवी 15 मिलि, एक वाजता 12, आणि तीही गडद. फेरीवर आलेल्या नाइट सुपरवायझर सिस्टरांनी चार्ट हातात घेऊन एवढेच विचारले, "हा भाजला कधी?" रुग्ण सावरला; पण तेव्हापासून माझ्या चार्टवर भाजल्याची वेळ सर्वांत वर, लाल शाईने आणि चौकटीत असते.

सूत्र केवळ सुरुवातीचा वेग सांगते. पुढचा वेग लघवी सांगते. प्रौढाची लघवी तासाला दर किलोमागे 0.5 मिलि, म्हणजे वरच्या रुग्णाची किमान 25 मिलि व्हायला हवी. लहान मुलाची किलोमागे 1 मिलि. पिशवीकडे लांबून पाहून अंदाज लिहू नये. दर तासाला, घड्याळ पाहून मोजावी. कमी दिसली तर प्रथम कॅथेटरची नळी मुडपली आहे का किंवा मांडीखाली दबली आहे का ते पाहावे, आणि सलग दुसऱ्या तासालाही कमीच असेल तर रेसिडेंट डॉक्टरांना उठवावे. लघवी प्रमाणापेक्षा भरपूर होत असेल तर तेही कळवावे, कारण जास्तीच्या सलाईनने फुप्फुसे आणि पोट सुजते. "छान होतेय लघवी" हा शेरा बर्न्सच्या चार्टवर शोभत नाही.

विजेने भाजलेल्याचा हिशेब वेगळा असतो. आपल्या लोकलच्या ओव्हरहेड वायरमध्ये 25,000 व्होल्ट असतात, आणि डब्याच्या टपावर चढलेल्या मुलाला तारेला हात न लावताही झटका बसतो. बाहेर तळहाताएवढीच जखम दिसते, पण आतले स्नायू शिजलेले असतात. त्यांतले रंगद्रव्य मूत्रपिंडात अडकते आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. इथे टक्क्यांचे सूत्र पुरत नाही. लघवीचा रंग निवळेपर्यंत तासाला 75 ते 100 मिलि लघवी होईल एवढे सलाईन लागते. हृदयाचा मॉनिटर लावलेला असावा, आणि हात-पाय दगडासारखा कडक लागल्यास लगेच कळवावे.

हाताला, पायाला किंवा छातीला गोलाकार पूर्ण वेढा घालून खोल भाजलेले असेल, तर ती जळलेली कातडी ताणत नाही, आत सूज मात्र वाढत राहते. भाजलेले हात-पाय उशांवर उंच ठेवावेत आणि दर तासाला बोटांची ऊब, रंग, संवेदना आणि नाडी पाहावी. नखे बँडेजमध्ये झाकू नयेत. ती दिसलीच पाहिजेत. बधिरपणा, गार बोटे किंवा नाहीशी झालेली नाडी, यांपैकी काहीही आढळले तर कातडीला चीर देऊन दाब मोकळा करावा लागतो, आणि तो निर्णय सकाळच्या राउंडपर्यंत थांबू शकत नाही. छातीला असा वेढा असेल तर नाडीऐवजी श्वास मोजावा.

ड्रेसिंग

वेदनेचे इंजेक्शन स्नायूत देऊ नये. सुजलेल्या अंगात ते नीट शोषले जात नाही आणि नंतर एकदम चढू शकते. सुरुवातीचे दिवस वेदनाशामक शिरेतूनच दिले जाते. ड्रेसिंगसाठी वेगळा डोस लागतो आणि त्याचा परिणाम सुरू झाल्यावरच पहिली पट्टी सोडायची असते. सकाळी कामाची घाई असते, ड्रेसिंग रूमबाहेर चार ट्रॉल्या उभ्या असतात, आणि "आता एवढ्यातच होईल" म्हणत आपण डोस आणि पट्टी एकाच वेळी सुरू करतो. पहिल्या ड्रेसिंगला ज्याला सोसवले नाही, तो दुसऱ्या दिवशी ट्रॉलीचे चाक वाजले तरी थरथरू लागतो. ती भीती मग कोणत्याही औषधाने पूर्ण जात नाही. दुखणे शून्य ते दहा यात किती, हे ड्रेसिंगच्या आधी आणि नंतरही विचारून लिहावे.

खोली आधी गरम करावी. मुंबईच्या उकाड्यात हे विचित्र वाटेल, पण कातडी गेलेल्या माणसाच्या अंगातून पाणी आणि उष्णता सतत निघून जात असते. आपण घामाघूम असतो आणि तो कुडकुडत असतो. 28 ते 32 अंश तापमान त्याला मानवते, म्हणून पंखा आणि एसी बंद ठेवावा, धुण्याचे पाणी कोमट असावे, आणि सगळे अंग एकदम उघडे न करता एकेक भाग उघडून, करून, झाकून पुढे जावे.

चिकटलेला गॉज ओढू नये. सलाईनने भिजवून पाच मिनिटे थांबावे. आधीच्या दिवशीचे सिल्व्हर सल्फाडायझिन मलम पूर्ण पुसून मगच नवे लावावे, नाहीतर त्याचा पिवळट थर साचतो आणि तो पू की मलम हे कळेनासे होते. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना, दोन महिन्यांच्या आतल्या बाळांना आणि दिवस भरत आलेल्या गरोदर स्त्रियांना हे मलम लावत नाहीत, म्हणून विचारल्याशिवाय डबा उघडू नये. प्रत्येक बोट वेगळे गुंडाळावे. पाचही बोटे एकत्र बांधली की कच्च्या कडा एकमेकींना चिकटून भरतात, आणि ती बोटे पुन्हा सुटी करायला शस्त्रक्रिया लागते. कानामागे आणि दोन मांड्यांमध्येही गॉज ठेवायला विसरू नये.

या बाबतीत मुंबईने बरेच शोधून काढले आहे. 1980 च्या दशकात परळच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली बँडेजवर चिकटवून जखमेवर लावण्याची पद्धत वापरली, आणि पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचे ड्रेसिंग. दोन्ही जखमेला चिकटत नाहीत, म्हणून काढताना दुखत नाही. ही पाने आणि साली निर्जंतुक करून वापरलेल्या होत्या, हे नातेवाइकांना ठासून सांगावे. नाहीतर कोणी बाजारातून केळीचे पान घेऊन येतो.

शीवच्याच रुग्णालयात 2000 साली त्वचापेढी सुरू झाली, आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठ यांवरून कातडीचा पातळ थर काढतात. तो ग्लिसरॉलमध्ये पाच वर्षांपर्यंत टिकतो आणि त्याला रक्तगट जुळावा लागत नाही. ही कातडी कायमची रुजत नाही, पण स्वतःची कातडी मिळेपर्यंतचे आठवडे ती निभावून नेते. शेजारच्या वॉर्डात मृत्यू झाला आणि घरचे विचारण्याच्या मनःस्थितीत असतील, तर डॉक्टरांशी बोलून हा विषय काढता येतो.

उशी

मान भाजलेल्या रुग्णाला उशी द्यायची नाही, आणि वॉर्डात सगळ्यांत अवघड आदेश हाच आहे. सासूबाई रात्री हळूच शाल गुंडाळून मानेखाली सरकवतात, कारण त्यामुळे सुनेला बरे वाटते आणि तिला खरोखरच बरे वाटते. कातडी भरताना आखडते, आणि रुग्ण ज्या स्थितीत सुखाने पडून राहतो त्याच स्थितीत ती आखडते. उशीवर वाकलेली मान काही महिन्यांत हनुवटी छातीला चिकटवते. तेव्हा खांद्यांखाली चादरीची घडी घालून मान मागे ताणलेली ठेवावी, काख भाजली असेल तर हात अंगापासून काटकोनात बाजूला, कोपर आणि गुडघा सरळ, पाऊल घोट्यात काटकोनात. हाताच्या पंजासाठी मनगट किंचित मागे, बोटांची मुळे वाकलेली आणि बोटे सरळ, अशी पट्टी फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावी. कान भाजलेला असेल तरीही उशी नको, कारण दाबाने कानाची कूर्चा सडते.

नुसते "उशी नको" म्हटले तर शाल परत येते. मी नातेवाइकांना आपली हनुवटी छातीला टेकवून पाण्याचा एक घोट प्यायला सांगते. एवढे पुरते.

ग्राफ्ट, म्हणजे रुग्णाचीच दुसरीकडची कातडी जखमेवर लावणे, केल्यावर मात्र तोच भाग साधारण पाच दिवस हलू द्यायचा नाही. चादर ओढून रुग्णाला सरकवले की घर्षणाने ग्राफ्ट सरकतो, म्हणून तिघांनी उचलूनच कूस बदलावी. मांडीवरची डोनर साइट, म्हणजे जिथून कातडी काढली ती जागा, ग्राफ्टपेक्षा जास्त दुखते. रुग्ण तसे म्हणाला तर तो नाटक करत नाही.

जंतू आणि जेवण

हिरवट डाग आणि गोडसर वास आला की स्यूडोमोनास या जंतूचा संशय घ्यावा. पण रक्तात विष पसरल्याची खूण जखमेवर उशिरा दिसते. काल बोलणारा माणूस आज असंबद्ध बोलतो, नळीतून दिलेले अन्न पचत नाही, पोट फुगते, साखर अकारण वाढते, प्लेटलेट्स घसरतात किंवा ताप येण्याऐवजी अंग गार पडते, या खुणा आधी येतात. भाजलेल्या माणसाला 38 अंशांच्या आसपास ताप जखमेमुळेही असतो; म्हणून एकट्या तापावर भरवसा ठेवू नये. दोन खाटांमध्ये हात धुणे हे या वॉर्डातले सर्वांत स्वस्त प्रतिजैविक आहे, आणि मावशी-मामांनाही ते तितकेच लागू आहे.

अन्न शक्यतो पहिल्या चोवीस तासांतच, तोंडाने किंवा नाकातल्या नळीने सुरू करतात. दर किलोला 25 आणि दर टक्क्याला 40 कॅलरी, या सूत्राने आपल्या 50 किलोच्या रुग्णाला 1,250 अधिक 1,600, म्हणजे 2,850 कॅलरी लागतात, आणि प्रथिने रोज 75 ते 100 ग्रॅम. एका अंड्यात प्रथिने 6 ग्रॅमच असतात, यावरून अंदाज यावा. अंडी, दूध, पनीर, मुगाचे वरण, शेंगदाण्याचा लाडू, नाचणीचे सत्त्व, जे घरून येईल ते थोडे थोडे, दर दोन तासांनी द्यावे. "आंबटाने पू होतो" आणि "डाळीने जखम चिघळते" हे दोन समज घराघरांत आहेत. लिंबू आणि डाळ दोन्ही हवीत असे स्पष्ट सांगावे. शहाळे मात्र पहिल्या दिवसांत विचारल्याशिवाय देऊ नये, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि भाजलेल्या माणसाच्या रक्तात ते आधीच वाढलेले असू शकते.

नोंदी

भाजल्याची केस मेडिकोलीगल, म्हणजे पोलिसांत नोंद होणारी आणि पुढे न्यायालयात जाऊ शकणारी असते. जबाब घ्यायला दंडाधिकारी येतात तेव्हा रुग्ण शुद्धीवर आहे का, हे डॉक्टर लिहून देतात. त्याआधीचे वेदनाशामक किती वाजता दिले ती नोंद सिस्टरची असते, आणि पुढे न्यायालयात तिच्यावर प्रश्न येतात. दिवसा नवऱ्यासमोर "स्टोव्हचा भडका उडाला" म्हणणारी बाई कधी कधी पहाटे पाणी मागताना दुसरेच काही सांगते. ते तिच्याच शब्दांत, वेळ घालून लिहावे, लगेच ड्यूटीवरच्या डॉक्टरांना कळवावे, आणि आपला तर्क त्यात मिसळू नये. ॲसिडने भाजलेल्या व्यक्तीवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत उपचार करणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 ने बंधनकारक आहे. काउंटरवर पैसे मागितले गेले तर सिस्टरला हे कलम तोंडपाठ असावे.

घरी जाताना

भरलेल्या कातडीला घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी नसतात, म्हणून ती कोरडी पडते आणि रात्री असह्य खाजते. दिवसातून तीन-चार वेळा खोबरेल तेलाने हलका मसाज शिकवून द्यावा, आणि तरी झोप लागत नसेल तर औषध असते, हेही सांगावे. व्रण जाड होऊ नयेत म्हणून प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रणावर दाब देणारा घट्ट कपडा, दिवसातले 23 तास, वर्ष ते दोन वर्षे घालावा लागतो. त्याचे दोन जोड घ्यायला सांगावे. मुंबईच्या पावसाळ्यात एक जोड दोन दिवस वाळत नाही, आणि तो लवकर वाळावा म्हणून गॅसच्या शेगडीवर धरणारे, एकदा भाजून आलेलेच रुग्ण मी पाहिले आहेत. कपडा कोमट पाण्यात हाताने धुवावा, पिळू नये, सावलीत सपाट पसरून वाळवावा, आणि अंगावर सैल लागू लागला की नव्या मापासाठी घेऊन यावा.